पाटा वाढवा, पण वॉरंटीचं काय?

पावसाळा संपत आला की आमच्या ग्रुपमध्ये एक प्रश्न हमखास येतो. कुणीतरी नवीन थार किंवा जिम्नी घेतलेली असते. पहिले तीन-चार महिने रंकाळा ते पन्हाळा असं कौतुक करून झालेलं असतं. मग कुणीतरी त्याला दाजीपूरच्या जंगलात नाहीतर गगनबावड्याच्या बाजूच्या एखाद्या कच्च्या वाटेवर नेतो. जांभ्या दगडावर गाडीचं पोट दोन-चार वेळा घासतं आणि सोमवारी सकाळी मेसेज येतो, "दोन इंच लिफ्ट करायची आहे. शॉकअप, स्प्रिंग सगळं बदलतो. वॉरंटी जाईल का?"

मग उत्तरांचा पाऊस! निम्मे म्हणतात, "बोल्टला पाना लावलास की वॉरंटी गेली." उरलेले म्हणतात, "कोर्टात टिकत नाही रे, बिनधास्त टाक." दोन्ही उत्तरं ठासून दिलेली आणि दोन्ही अर्धवट. पण हा प्रश्न दिसतो तेवढा नवा नाही. गाडीच्या पाट्याला हात लावायचा आणि पुढे काही झालं तर जबाबदारी कुणाची, हा हिशोब कोल्हापुरात निदान तीन पिढ्या चालू आहे. फक्त पूर्वी तो मिस्त्रीच्या दुकानात चालायचा, आता सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर चालतो. तर आज त्याचा इतिहास.

खडखडा ते जीप

सस्पेन्शन नव्हतं तेव्हा काय होतं? बैलगाडी. धाव मारलेलं लाकडी चाक, वर आख, आखावर साटा. रस्त्यातला प्रत्येक दगड थेट मणक्यापर्यंत. राजर्षी शाहू महाराजांच्या आठवणींमध्ये त्यांचा 'खडखडा' वारंवार येतो. घोडे तयार करायला वापरायची ती दणकट गाडी, आणि महाराज तिच्यातून गावभर, रानोमाळ फिरायचे. नावातच आवाज आहे, वेगळं वर्णन करायची गरज नाही :)

शास्त्र मात्र बरंच आधी तयार होतं. रॉबर्ट हूकने १६७८ साली स्प्रिंगचा नियम छापला. जेवढा जोर, तेवढा ताण. बारावीच्या फिजिक्समध्ये आपण सगळ्यांनी तो पाठ केलाय. १८०४ मध्ये लंडनच्या ओबडाया इलियटने घोडागाडीला लंबगोल पाट्यांची स्प्रिंग लावून पेटंट घेतलं. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, कमानीसारख्या वाकवलेल्या. आपल्या टांग्याला असायची तीच कमान. मराठीत 'कमान' आणि 'पाटा' हे दोन्ही शब्द इथूनच रुळले आणि पुढे जीप, ट्रकपर्यंत तसेच आले.

जीपचा जन्म १९४० चा. अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकांना ताकद जाणारी गाडी घाईघाईने हवी होती. बॅंटम कंपनीने २३ सप्टेंबर १९४० ला पहिला नमुना लष्कराच्या ताब्यात दिला. पुढे विलिस आणि फोर्डने त्या गाड्या लाखांनी बनवल्या. सस्पेन्शन? पुढे-मागे अखंड अॅक्सल आणि चारही कोपऱ्यांत पाटे. आरामासाठी हा निर्णय नव्हताच. पाटा एकाच वेळी दोन कामं करतो. वजन पेलतो आणि अॅक्सलला जागेवर धरूनही ठेवतो. वेगळे रॉड, लिंका काही लागत नाहीत. शिवाय तुटला तर जगातला कुठलाही लोहार काहीतरी जुगाड करून देऊ शकतो. युद्धात यापेक्षा मोठं फीचर कुठलं?

आपल्याकडे १९४५ मध्ये महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' सुरू केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. १९४९ मध्ये मुंबईच्या माझगावात विलिस जीपची जुळणी होऊ लागली. योगायोग बघा, त्याच वर्षी १ मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. राजांच्या गाड्यांचा काळ संपत होता आणि साहेबाच्या, पाटलाच्या, साखर कारखान्याच्या जीपचा काळ सुरू होत होता.

उद्यमनगरचा काळ

कोल्हापूरला यंत्राची भीती कधीच वाटली नाही. १९२० साली आलेल्या 'सैरंध्री'साठी बाबूराव पेंटर आणि त्यांच्या मंडळींनी चक्क कॅमेरा इथेच बनवला. विकत घेण्याएवढे पैसे नाहीत, मग उघडून बघू आणि करून बघू, ही इथली वृत्ती. पुढे शेतीची ऑइल इंजिनं, उसाचे चरक, आणि त्यांच्यासाठी लागणारं ओतकाम, यातून शिवाजी उद्यमनगर उभं राहिलं. मग शिरोली, गोकुळ शिरगाव. आज देशभरातल्या वाहन कंपन्यांना इथल्या फाउंड्रीतून सुटे भाग जातात. म्हणजे गंमत अशी की ज्या गाडीला "बाहेरचा पार्ट लावू नका" असं बजावून सांगतात, तिच्यातला एखादा भाग मुळात शिरोलीतच ओतलेला असू शकतो!

अशा गावात जीप आली, तर ती कंपनीने दिली तशी कशी राहील?

सस्पेन्शन 'अपग्रेड'चा खरा सुवर्णकाळ आणला तो वडापने. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, वडाप म्हणजे एसटीच्या थांब्याजवळून माणसं भरून नेणारी खाजगी जीप. मलकापूर, राधानगरी, गगनबावडा, पन्हाळा, सगळीकडे. कमांडर असेल नाहीतर ट्रॅक्स. कागदावर माणसं नऊ-दहा, प्रत्यक्षात पंधरा-वीस. शिवाय टपावर भाजीची बोचकी आणि मागच्या पायरीवर लटकणारे दोन कॉलेजकुमार. दहा माणसं जादा धरली आणि माणशी ६० किलो धरले तरी ६०० किलो झाले.

गाडी मागून बसायची. मग मालक मिस्त्रीकडे जायचा आणि म्हणायचा, "एक पाटा वाढवा." बस्स. हेच त्या काळचं लिफ्ट किट.

यातलं गणित मजेशीर आहे. पाट्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे सात पाट्यांत त्याच जाडीचा आठवा टाकला तर ढोबळमानाने १४ टक्के फरक. पण पाटे तेवढेच ठेवून ६ मिलिमीटरऐवजी ७ मिलिमीटर जाडीचे घेतले तर थेट ५९ टक्के! चांगल्या मिस्त्रीला हे सूत्र माहीत नसायचं, पण अंदाज पक्का असायचा. "जाड घालू नको, एक पातळ वाढव" हा सल्ला म्हणजे तेच सूत्र, फक्त तोंडी.

स्वस्तातला दुसरा उपाय म्हणजे बसलेला पाटा तापवून पुन्हा त्याची कमान काढणे. इथे खरा कस लागायचा. स्प्रिंगचं पोलाद तापवून नुसतं वाकवलं आणि गार होऊ दिलं तर ते मऊ पडतं आणि एका पावसाळ्यात परत बसतं. नीट पाणी द्यायला हवं आणि नंतर ठराविक तापमानाला परत तापवून कडकपणा थोडा उतरवायला हवा. नुसतंच पाणी दिलं तर पाटा काचेसारखा होतो आणि खड्ड्यात कटकन तुटतो. हे ज्याला जमायचं त्याच्या दुकानासमोर रांग असायची.

आणि वॉरंटी? ती मिस्त्रीच्या तोंडात असायची. असा मिस्त्री साधारण काय म्हणायचा? "भावा, पाटा तुटला तर माझ्याकडं ये, बदलून देतो. पण उद्या गिअरबॉक्स गेला म्हणून माझ्या नावानं बोंबलायचं न्हाई." हे वाक्य लक्षात ठेवा. देशातल्या मोठमोठ्या संस्थांना याच मुद्द्यावर यायला बरीच वर्षं लागली.

पण या काळाला उगाच सोनेरी मुलामा द्यायला नको. पाटा वाढवला म्हणून ब्रेक वाढत नाहीत. चासीला पाटा जिथे अडकवतात तिथे तडे जायचे. शॉकअप तेच जुने, त्यामुळे रिकामी गाडी मागून उड्या मारायची आणि घाटात ओल्या वळणावर मागचं चाक रस्ता सोडायचं. भरलेल्या वडाप जीपचे अपघात ही पेपरातली नेहमीची बातमी होती. त्यात पाट्याचा दोष किती, ब्रेकचा किती, वीस माणसांचा किती, हे कुणी शोधायचं? कुणीच नाही. जबाबदारी सगळ्यांची होती, म्हणजेच कुणाचीच नव्हती.

पाटे गेले, कॉइल आली

ऑक्टोबर २०१० मध्ये पहिली थार आली. मागे पाटेच, पण पुढे प्रत्येक चाक स्वतंत्र आणि स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार, म्हणजे पिळली जाणारी पोलादी दांडी. या रचनेत एक मोह होता. बारचा बोल्ट फिरवला की गाडी पुढून वर उचलली जाते. खर्च शून्य! पण अशाने स्प्रिंगचा कडकपणा तेवढाच राहतो, चाकाला खाली जायला जागा कमी उरते आणि चाकाकडे जाणारा शाफ्ट कायमचा जास्त कोनात फिरतो. काही हजार किलोमीटरनंतर सांध्याचं रबर फाटतं, ग्रीस बाहेर पडतं आणि वळताना कटकट आवाज सुरू होतो. मग गाडी वॉरंटीत नेली की सर्व्हिस अॅडव्हायझर आधी तो बोल्टच बघणार, आणि त्यात त्याचं चूकही नाही.

२ ऑक्टोबर २०२० ला दुसरी थार आली. चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग, मागे अखंड अॅक्सलला धरायला वेगळ्या लिंका. २०२३ मध्ये जिम्नी आली, तीही कॉइलवर. पाट्यांवर चालणारी जिप्सी त्याआधीच बाजारातून गेली होती. गाडी आरामदायक झाली, पण पाट्याचा साधेपणा गेला. कॉइलचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. तार १३ मिलिमीटरवरून १४ केली की सुमारे ३५ टक्के वाढ. इथे मिस्त्रीचा अंदाज चालत नाही, किट बनवणाऱ्याची आकडेमोड लागते.

शिवाय आता गाडीत कॉम्प्युटर आहे. घसरताना चाकांना वेगवेगळा ब्रेक लावणारी यंत्रणा गाडीचं वजन कुठे आहे, ती किती झुकते, हे गृहीत धरून ट्यून केलेली असते. एक साधा हिशोब करू. दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर आणि वजनाचा मध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर आहे असं धरा. उलटण्याला विरोध करणारं गुणोत्तर, म्हणजे निम्मं अंतर भागिले उंची, येतं १.०७. गाडी ५ सेंटिमीटर उचलली की ते होतं १.००. सात टक्के गेले, आणि हे त्या कॉम्प्युटरला कुणी सांगितलेलंच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर तुम्ही हार्डवेअर बदललंत आणि ड्रायव्हर जुनाच ठेवलात.

म्हणून कंपनी घाबरते. तिच्या दृष्टीने तुम्ही तिचा कोड फोर्क केलाय. आता त्यातल्या बगला सपोर्ट कुणी द्यायचा?

कायद्याची वळणं

आपल्याकडे मालाच्या विक्रीत 'वॉरंटी'चा अर्थ सांगतो तो १९३० चा वस्तू विक्री कायदा. त्यात 'कंडिशन' आणि 'वॉरंटी' असा फरक केलाय. कंडिशन मोडली तर माल परत करता येतो. वॉरंटी मोडली तर फक्त नुकसानभरपाई मागता येते. हा फरक आजही चावतो. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मारुती कारच्या प्रकरणात हेच सांगितलं की वॉरंटीत सदोष भाग बदलून द्यायचं कबूल केलंय, अख्खी गाडी नाही.

अमेरिकेत १९७५ साली मॅग्नसन-मॉस कायदा आला. आमचाच पार्ट वापरला तरच वॉरंटी, अशी अट घालायला त्याने सर्वसाधारणपणे मनाई केली. इंग्रजी व्हिडिओंमध्ये "कंपनीला सिद्ध करावं लागेल" असं जे ठणकावून सांगतात, ते बहुतेकदा या कायद्याच्या जिवावर. तो कायदा अमेरिकेचा आहे, शिरोलीच्या टोलनाक्याच्या अलीकडे त्याचा उपयोग नाही!

आपल्याकडे १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला आणि सामान्य माणसाला दिवाणी कोर्टाची पायरी न चढता भांडायला जागा मिळाली. त्यातली एक तरतूद आपल्यासाठी महत्त्वाची आहे. वस्तूतला दोष नुसता बघून ठरवता येत नसेल तर ती प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवता येते. म्हणजे दोष कशामुळे, हा प्रश्न विचारायची सोय झाली. जुन्या वडापच्या काळात नेमका हाच प्रश्न कुणी विचारत नव्हतं.

मग आलं मोठं प्रकरण. जानेवारी २०११ मध्ये एका ग्राहकाने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की कार कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने महिंद्र, मारुती, टाटा यांच्यासह १४ कंपन्यांना मिळून सुमारे २५४५ कोटींचा दंड ठोठावला. त्या आदेशात वॉरंटीबद्दलही सांगितलं होतं. बाहेरच्या गॅरेजमध्ये गाडी नेली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल.

आठवला मिस्त्री? पाटा माझा, गिअरबॉक्स माझा नाही. नेमकं तेच तत्त्व, फक्त बाजू उलटी आणि भाषा इंग्रजी.

पण इथेच थांबून नाचायला लागू नका. एक तर कंपन्या अपिलात आणि कोर्टात गेल्या. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत आणि पुढेही गेलं. त्यामुळे आदेशाची प्रिंट दाखवली की काउंटरवरचा माणूस नमेल अशी आशा धरू नका. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं, तो आदेश दुरुस्ती आणि सुट्या भागांबद्दल आहे. गाडीची रचना बदलण्याबद्दल नाही.

रचना बदलण्याबद्दल बोलतो तो मोटार वाहन कायदा, १९८८. त्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मुळात दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. बदल म्हणजे रचनेतला असा फरक की ज्याने गाडीचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षाही आली. आता मूळ मापाचा पण चांगल्या प्रतीचा शॉकअप बसवणं आणि चार इंच लिफ्ट करून टायर बाहेर काढणं, या दोन टोकांमधला फरक कुणालाही कळतो. दोन इंच मधोमध येतात, आणि भांडणंही तिथेच होतात.

मग करायचं काय?

थोडक्यात, "वॉरंटी जाईल का?" हा प्रश्नच चुकीचा विचारला जातो. वॉरंटी म्हणजे एक दिवा नाही, एका बटणाने विझणारा. ती प्रत्येक भागाची वेगळी असते. कंपनीच्या पुस्तिकेतली अट वाचलीत तर बहुतेक ठिकाणी अनधिकृत बदलामुळे झालेला बिघाड वगळलेला असतो. सगळा जोर 'मुळे' या शब्दावर आहे. स्प्रिंग बदलल्यामुळे शाफ्टचा सांधा गेला हे पटण्यासारखं आहे. स्प्रिंग बदलल्यामुळे एसी बंद पडला हे नाही. ऑफिसात आपण रूट कॉज काढतो तसाच इथेही काढायचा, आणि त्यासाठी लॉग हवेत:

१. काम करण्याआधी डीलरला ईमेल करा आणि नेमकं काय लावणार हे लिहून कुठल्या भागांची वॉरंटी जाईल ते विचारा. तोंडी "चालतंय की" याला काहीही किंमत नाही.

२. किटचं बिल, पार्ट नंबर, कोणी कधी बसवलं आणि नंतरच्या व्हील अलाइनमेंटची प्रिंट, सगळं एका फाइलमध्ये ठेवा.

३. किट घेताना वजनाचा आकडा विचारा. लोखंडी बंपर, विंच, टपावरचा तंबू नसताना जड वजनाची स्प्रिंग टाकली तर गाडी रिकाम्या वडापसारखी उडेल.

४. ब्रेकचे पाइप पुरतात का, शाफ्टचा कोन किती झाला, हेडलाइट वर गेले का, हे बघितल्याशिवाय दुकान सोडू नका.

५. विमा कंपनीला लेखी कळवा. वॉरंटीत जाऊन जाऊन एखादा भाग जाईल, विमा नाकारला तर घर विकायची वेळ येईल.

आणि एवढं करूनही संबंध नसलेल्या भागाची वॉरंटी नाकारली, तर २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्याने तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा आयोगातच तक्रार करता येते. म्हणजे गाडी पुण्यात घेतली असली तरी कोल्हापूरला राहणाऱ्याला पुण्याला खेटे घालायची गरज नाही.

जुन्या मिस्त्रीच्या शब्दाला वजन का होतं? तो कायदा जाणत होता म्हणून नाही. पाटा त्याने स्वतः तापवला होता, पाणी स्वतः दिलं होतं आणि दुकान पुढच्या वर्षीही तिथेच असणार होतं. आज किट ऑस्ट्रेलियाचं किंवा थायलंडचं, बसवणारा पुण्याचा, गाडी नाशिकची, कॉम्प्युटर आणखी कुणाचा. प्रत्येकजण म्हणतो, माझ्यामुळे नाही. या साखळीत सगळे भाग एकत्र ओळखणारा माणूस एकच उरलाय, आणि करूळ घाटात पावसात वळण घेताना स्टिअरिंगही त्याच्याच हातात असतं.

तेव्हा लिफ्ट जरूर करा. पण काय बदललं आणि त्याने आणखी काय बदलतं, हे मिस्त्रीएवढं समजून घ्या. कागद त्यानंतर.